इकोतो कोपऱ्याकडे बघतो

३ ऑक्टोबर

आले एकदाची. राजधानीहून, तानाहून बस निघाली तेव्हा शिवणयंत्र टपावर, मी आत आणि माझ्या मांडीवर कुणा बाईची दोन बदकं. घाटात बदकं शहाण्यासारखी बसली, त्यांची मालकीण मात्र ओकली. आंबोदिगोआवीला उतरले तेव्हा अंगाला बदकांचा वास येत होता आणि तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

घर लहान, लाल विटांचं. दार पश्चिमेला, खिडकी पूर्वेला, अंगणात पेरू. घरमालकीण नेनी बाको शेजारीच राहते. सत्तरीची असेल, पण आवाज असा की कोंबड्याने लाजावं. आल्या आल्या तिने मला भात आणि कसाव्याच्या पानांची भाजी वाढली, वर करपलेल्या भाताच्या भांड्यात उकळलेलं पाणी दिलं आणि मग किल्लीबरोबर एक अट घातली. ईशान्येच्या कोपऱ्यात काही ठेवायचं नाही. मी म्हटलं, पूर्वजांचा कोपरा, मला ठाऊक आहे, माझी आजी तिथे मध ठेवायची. ती म्हणाली, मधसुद्धा नको. बरं बाई, नको.

इथल्या शाळेच्या पोरांचे डगले शिवायचं काम मिळालंय. झाफीला सोडून आले हे कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता, आता नाही, एवढं रोजनिशीला पुरे.

५ ऑक्टोबर

आज छत्री देऊन सरडा घेतला.

जंगलाच्या फाटकापाशी एक माणूस काठीवर सरडा घेऊन उभा असतो. पाहुणे येतात, फोटो काढतात, सरड्याच्या तोंडापुढे बोट नाचवतात. आज तो बिचारा काठीवर डोलायचंही विसरला होता. तोंड उघडं, अंग काळपट, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी त्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, एवढा कळवळा येतो तर घेऊन जा, मला काय देतेस? हातात छत्री होती, दिली. बसथांब्यावरची माणसं हसली. हसू देत.

नेनी बाको मात्र हसली नाही. ती दोन पावलं मागे सरली आणि बोट वाकवून, नुसत्या पेराने, त्याच्याकडे दाखवून म्हणाली, ही वस्तू घरात आणतात का कुणी? आमच्यात सरड्याला मारत नाहीत, पाळतही नाहीत. गाडीवालासुद्धा थांबून त्याला रस्ता ओलांडू देतो. सरळ बोट त्याच्याकडे दाखवायचं नाही, थडग्याकडे तर मुळीच नाही, दाखवलं तर बोट झडतं. लहानपणी मी ऐकून ऐकून इतकी वैतागले होते की एकदा चर्चच्या पाद्र्याकडे सरळ बोट दाखवून पाहिलं होतं. झडलं नाही, मार मात्र बसला.

त्याचं नाव इकोतो ठेवलंय. मोठा नर आहे, हिरव्या अंगावर विटकरी पट्टे. आत्ता ते पट्टे दिसत नाहीत, पण दिसतील. मी बघतेच.

६ ऑक्टोबर

मावसभाऊ फानिरीला फोन केला. तो जंगलखात्यात राखणदार आहे, सरड्यांना भीत नाही. आधी पोटभर हसला, मग कामाचं बोलला. रंग गडद, दिवसा डोळे मिटलेले, डोळे खोल गेलेले, जवळ गेलं की तोंड उघडून फुत्कार, खाणं-पिणं बंद, म्हणजे तो घाबरून घाबरून थकलाय, म्हणाला. पिंजरा उंचावर ठेव, तू वरून वाकलीस तर त्याला ससाणा आल्यासारखं वाटतं. आत पानांच्या फांद्या भर, त्याला लपता आलं पाहिजे. पाणी वाटीत देऊ नकोस, त्याला ते दिसतच नाही. पानांवर थेंब पडू देत. आरसा झाक, नाहीतर त्यात त्याला दुसरा नर दिसेल. हात लावू नकोस. आणि बडबड कमी कर, झोकी. तो मला अजून झोकी म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि अजून अक्कलही शिकवतो.

सगळं केलं. जुन्या दुधाच्या डब्याला भोक पाडून वर टांगला. शिवणाचा आरसा चादरीने झाकला. उंच कपाटावर पिंजरा चढवला.

कपाट ओढून नेलं ते ईशान्येच्या कोपऱ्यात. सकाळचं ऊन फक्त तिथेच पडतं, त्याला मी काय करू? पूर्वजांना ऊन हवंच असेल तर त्यांनी जरा सरकून बसावं.

९ ऑक्टोबर

काही खात नाही. टोळ पकडून सोडले, ते पिंजऱ्यात मजेत राहतायत. थेंब चाटत नाही.

एक विचित्र गोष्ट. त्याची भिंतीकडची बाजू काळी आणि माझ्याकडची हिरवट. वाटलं उन्हामुळे. म्हणून पिंजरा फिरवला. थोड्या वेळाने हिरवी बाजू भिंतीकडे आली ती काळी पडली आणि काळी होती ती उजळली. जणू भिंतीतून कुणी त्याच्यावर शाई ओततंय.

दिवसभर डोळे मिटून बसतो. मला त्याची दया येत नाही, राग येतो, कारण मी हे ओळखते. झाफी दारात येऊन काही न बोलता उभा राहायचा ना, तेव्हा मीही भरदुपारी डोळे मिटून बसायची. लोक म्हणायचे, सहोंद्रा किती शांत झाली. शांत कसली.

११ ऑक्टोबर

नेनी बाकोने खिडकीतून पिंजरा पाहिला आणि जेवण टाकून आली. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हळू आवाजात बोलली, आणि मला तेच आवडलं नाही. तिथून उचल, म्हणाली. इकोतोसाठी उचलला, तिच्यासाठी नव्हे. आता पिंजरा नैऋत्येला, जिथे जुन्या घरांत कोंबड्या ठेवतात तिथे. ऊन नाही, पण आरसा लावून उजेड तिकडे वळवला, आणि आरसा त्याला दिसणार नाही असा तिरपा ठेवला. मी शिंपीण आहे, तिरपं बसवणं मला येतं.

तरी त्याचा एक डोळा ईशान्येलाच. दुसरा सगळीकडे फिरतो, माझ्यावर, टोळांवर, छपरावर. तो एक हलत नाही.

१३ ऑक्टोबर

हलला.

दुपारी डगल्यांना बाह्या लावत होते. त्याचा तो डोळा कोपऱ्यातून निघाला आणि भिंतीच्या कडेकडेने सावकाश दारापर्यंत गेला. थांबला. मग तसाच परत. माशीच्या मागे जातो तसा, पण माशी नव्हती, आणि माशी इतकी सावकाश उडत नाही. मी उठून त्याच्या नजरेच्या रेषेत उभी राहिले. ती रेष माणसाच्या तोंडाच्या उंचीवर आहे.

मध्ये चादर टांगली. तो फांदीवरून सरकत सरकत चादरीच्या कडेशी आला आणि पलीकडे बघू लागला. जे आपल्याला भिववतं त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे त्यालाही कळतं.

१५ ऑक्टोबर

फानिरी आला. पोट, डोळे, तोंड, सगळं तपासलं. रोग नाही. मग आम्ही दोघांनी साप शोधला. कपाट हलवलं, छपराच्या फटीत काठी घातली, फरशीची सैल वीट उचलली. काही नाही. फानिरी बराच वेळ इकोतोच्या डोळ्याकडे आणि मग कोपऱ्याकडे बघत राहिला. जाताना म्हणाला,

"त्याला काहीतरी दिसतंय, झोकी. एक तर ते इथून काढ, नाहीतर ह्याला इथून काढ. असाच राहिला तर आठवडा काढायचा नाही."

जंगलात सोडू का विचारलं. तर म्हणाला, अंगात फांदी धरायचं बळ नाही, मुंग्या खातील. आधी खायला लागला पाहिजे.

म्हणजे तेच काढायचं.

१६ ऑक्टोबर

नेनी बाकोला गाठून विचारलं. आधी तांदूळ निवडत राहिली. मग सांगितलं.

तिचा थोरला भाऊ तरुणपणी लवंगांच्या मळ्यावर गेला आणि तिकडेच मेला. हाडं कधी आली नाहीत. घराण्याच्या थडग्यात त्याची जागा रिकामी आहे. ज्याला थडगं नाही त्याला कुठेतरी उभं राहायला जागा हवी, म्हणून आईने तो कोपरा त्याला दिला. घरातली माणसं सवयीने वळसा घालून जायची. मग माणसं संपली आणि घर भाड्याने गेलं. कुणी भाडेकरू वर्षभर टिकला नाही. मी विचारलं, हे किल्ली देताना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का?

राहिले असते. तेच तिला सांगून आले.

वाईट वाटलं त्या माणसाचं, खोटं कशाला लिहू. पण त्याच्या दुःखापायी माझा सरडा का मरावा?

१८ ऑक्टोबर

इकोतो फांदीवरून पडला.

धप् असा आवाज झाला. पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडला होता, कोळशासारखा काळा, आणि पडल्या पडल्यासुद्धा तो डोळा तिकडेच. माझं डोकं फिरलं. मी कोपऱ्यासमोर गेले आणि बोट दाखवलं. सरळ, हात ताठ करून.

"तू. ह्याच्यापासून दूर हो. बघायचं असेल तर माझ्याकडे बघ."

झाफीला हे कधी म्हणता आलं नव्हतं.

मागे वळले तर इकोतोचा डोळा निघाला होता. कोपऱ्यातून, हळूहळू, माझ्याकडे. माझ्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबला.

१९ ऑक्टोबर

हिरवा. नखशिखांत हिरवा, आणि विटकरी पट्टे काय सुरेख. यंत्रापाशी बसून दुरून बघितलं. पाणी चाटलं, किती वेळ चाटत होता. मग जीभ सुटली आणि टोळ गायब. मी रडले. डगल्याच्या बाहीला नाक पुसलं, पोराच्या आईने माफ करावं.

दुसरा टोळ द्यायला जवळ गेले. काळा झाला. तोंड उघडलं. दोन्ही डोळे माझ्या उजव्या खांद्याच्या मागे.

मागे सरले. हिरवा.

पुढे गेले. काळा.

२० ऑक्टोबर

बोट बधिर आहे. सुई टोचली तरी कळत नाही. नख निळं पडलंय.

नेनी बाको रम घेऊन आली. कोपऱ्यात शिंपडूया, बोट वाकवून माफी माग, म्हणाली. मी म्हटलं, तो कोपऱ्यात नाहीच आता. तिने माझ्या मागे पाहिलं. काही दिसलं नाही तिला, पण रमची बाटली खाली ठेवून गेली. जाताना म्हणाली, "पोरी, तानाला परत जा." एका घरातून भिऊन निघाले, पुरे झालं. दोनदा नाही.

माफी कशाची मागू? मी खरं तेच बोलले.

२१ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

बोट पूर्ण काळं. दुखत नाही —

इकोतो खातो. मी घरात असले की खात नाही, अंगणात गेले की खातो. म्हणजे आता त्याला मीच —

मला हे चालणार नाही.

२२ ऑक्टोबर

सोडला. हात लावला नाही, काठी पुढे केली. माझ्यापासून लांब पळायला मिळतंय म्हणून चटकन चढला. पेरूच्या फांदीवर ठेवला. मी दारात येईपर्यंत हिरवा. वर, आणखी वर. मग कुंपण, मग पलीकडची झाडी. मागे वळून पाहिलं नाही. शहाणा.

जगेल तो.

आता माझ्यामागे उभा असलेला तू नेमका कुठे आहेस ते सांगणारं कुणी नाही. चालेल.

२३ ऑक्टोबर

मनगट गार —

यंत्र चालवलं. डाव्या हाताने. शिवण वाकडी, पण शिवण आहे. तू मागे उभा राहून बघ, मी शिवते. तुला वाटत असेल मी डोळे मिटून बसेन. नाही बसणार.

तुझं नाव विचारलं नेनी बाकोला. रझुएलि. ऐकतोयस ना, रझुएलि. लवंगांचा वास येतोय तुझा, म्हणजे आता मलाही कळायला लागलंय —

२४ ऑक्टोबर

दुपार. दारात काहीतरी —

इकोतो.

जमिनीवरून चालत आलाय. कुंपण ओलांडून. डुलत डुलत, एकेक पाय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, हा उलटा —

उंबऱ्यावर चढला. जा म्हटलं त्याला. काठी आपटली. जात नाही.

काळा नाही. कुठे काळा नाही. लाल, निळा, पिवळा, हे रंग मी त्याच्यावर कधी — अंग फुगवून दुप्पट. तोंड उघडं. फुत्कार. माझ्या खांद्यामागे बघून एक पाऊल पुढे. आणखी एक.

ही भीती नाही. भीती मला ओळखता येते. हा राग आहे.

वीतभर जीव आणि —

बरं इकोतो. बरं. तू समोरून ये. मीही आता पाठ करून बसत नाही, मी वळते आहे, बघतेच त्याला तोंडाकडे, हे बघ मी वळ—