तुझ्या माहेरचं रक्त

आई, मी आता रायपूरजवळच्या सुपेल्याच्या एका दवाखान्यात गरोदर बायकांना सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी समजावून सांगते. हेच माझं काम आहे आणि ते मला चांगलं जमतं.

आपलं कारखान्याच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. धाकट्या भावाचे सांधे ठणकताहेत, तो आतल्या खोलीत विव्हळतोय, तू तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीत बांधते आहेस. नागपूरहून आलेली आत्या दारातूनच म्हणते, "आमच्या घराण्यात कोणालेच हे नव्हतं. तुह्याच माहेरातून आलं." तू बोलली नाहीस. रात्री मी चिडून विचारलं, "आई, तू कावून गप्प बसली?" तू म्हणालीस, "मले माहीत असतं तर बोलली असती." धाकटा गेला, काही वर्षांनी तूही. पण ते वाक्य मला इथवर घेऊन आलं.

मागच्या वर्षी खुर्सीपारची एक पोरगी आली, तिसरा महिना लागलेला. तपासणीत ती वाहक निघाली. मी म्हटलं, वाहक म्हणजे आजारी नाही, आता नवऱ्याचं रक्त तपासू. शेजारी सासू बसलेली. ती उसळली, "मेरे बेटे में कोई खोट नहीं है. खराबी बहू में है." पोरगी जमिनीकडे बघू लागली, अगदी तुझ्यासारखी. मी तिच्याच हातातल्या बांगड्या मागून घेतल्या. लाल म्हणजे आजाराचा अंश, हिरवी म्हणजे निरोगी. प्रत्येकाकडे दोन, वाहकाकडे एक लाल, एक हिरवी. आई एक देते, बाप एक देतो. दोघांकडून लाल आली तरच बाळ आजारी. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. सासूला म्हटलं, "अम्मा, बहू अकेली किसी को बीमार नहीं कर सकती." दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन आली. प्लांटमधला ठेकेदारीवरचा कामगार, सुईला घाबरणारा. तोही वाहक निघाला.

मी काही लपवलं नाही. दर गरोदरपणात बाळ आजारी असण्याची चारात एक शक्यता, पोटातल्या बाळाची तपासणी रायपूरला होते, पुढचा निर्णय तुम्हा दोघांचा. नवऱ्यानं विचारलं, "आप साथ चलोगी?" मी गेले. अहवाल यायला वेळ लागला, तेवढे दिवस ती पोरगी नीट जेवली नाही. बाळाला आजार नव्हता. फोनवर ती फक्त रडली.

परवा ते बाळाला दाखवायला आले. सासूनं बाही वर केली, हात माझ्यापुढे धरला आणि छत्तीसगढीत म्हणाली, "मोरो जांच कर दे नोनी, अउ मोर बेटी के घलो." तिला लेकीचीही तपासणी हवी होती, लेक लग्नाची आहे. जिनं सुनेला दोष दिला, तीच आता आपलं रक्त तपासून मागत होती. मी स्वतःच्या हातानं सुई लावली.

धाकट्याला आजार होता म्हणजे तू आणि बाबा दोघंही वाहक होतात. आत्याला हे मी शांतपणे सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. मीही वाहक आहे, आई. माझ्यातला अंश तुझा की बाबांचा, हे आता कुठलीच तपासणी सांगणार नाही. बायकांना मी ठासून सांगते, कुणाकडून आलं ते शोधत बसू नका. पण माझा तुझ्याकडूनच आला असावा असं मला वाटतं, आणि ते मला आवडतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.