काठोकाठ पियाला

आदरणीय सोबिरा खाला यांना,

मर्गिलानहून तुमच्या भाच्याचा, झोहिदचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुमचा गुडघा आता वाकतो का? खालूजानचा खोकला कसा आहे? लाल गाय व्याली का? (आधी कोणाची चौकशी करावी, यावर मी बराच विचार केला. खालूजान गायीच्या आधी आले आहेत, हे त्यांना दाखवावे.)

खाला, तुमचे उपाय म्हणजे जादू आहे. आई ताईच्या बाळंतपणासाठी ताश्कंदला गेली, तेव्हा अंगणातल्या कुंड्यांत गुलाबाच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या, आणि मुनिसच्या घरचे घर बघायला यायचे होते. अंगण सुकलेले दिसले की मुलगी देत नाहीत, आणि मुनिस नाही तर मला कोणीच नको. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कांद्याच्या सालींचे पाणी फवारले, तर मावा पळाला. (शेजारीही यायचे थांबले.) मुळाशी चहा घालायचा, एवढेच आधी लक्षात राहिले होते, म्हणून मी पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला आणि वाफाळता घेऊन निघालो. भिंतीवरून शेजारचे होशिमचाचा ओरडले, "अरे, साखर किती घेणार तेही विचार त्या कुंडीला!" तेव्हा आठवले, की थंड चोथा घालायचा. पाणी मात्र तुम्ही म्हणालात तसेच, प्रत्येक कुंडीला रोज एक पियाला, अगदी काठोकाठ. खाला, काय फुलले अंगण!

मुनिसची आजी, अदोलतबुवी, दोन सुनांना घेऊन आली. कोपऱ्यातल्या पांढऱ्या गुलाबापाशी तर ती खिळूनच राहिली. "असला गुलाब आमच्या गल्लीत नाही गं बाई! कोणाचा हात म्हणायचा?" होशिमचाचांनी भिंतीवरूनच माझ्याकडे बोट दाखवले. मी इतका फुललो, की चहा ओतताना हात कुंड्यांच्याच सवयीने चालला. बुवीपुढे पियाला ठेवला, तो काठोकाठ!

पाहुण्याला अर्धा पियाला म्हणजे बसा आणि भरलेला म्हणजे उठा, हे पाळण्यातले पोरही जाणते. सुना चपला शोधू लागल्या. बुवी म्हणाली, "पोरा, नानचा तुकडा तरी तोंडात जाऊ द्यायचास!"

माझ्या तोंडून एवढेच निघाले, "बुवी, मी गुलाबांना असाच देतो."

तिने गुलाबांकडे पाहिले, मग पियाल्याकडे, आणि एका दमात तो रिकामा केला. "मग आण अजून एक. मीही काही कमी सुकलेली नाही. बसा गं पोरींनो!"

खाला, गुरुवारी नान मोडायचे ठरले! साखरपुडा पक्का. हे सगळे तुमचे श्रेय.

तुमचा आज्ञाधारक,
झोहिद

ता. क. बुवीला गुरुवारी त्या पांढऱ्या गुलाबाचे मुळांसकट रोप हवे आहे. मुनिसच्या हाताने लावणार म्हणते. तो गुलाब बाजारातला. कोपऱ्यातले झाड काही केल्या फुलेना, म्हणून तुमच्याच उपायाप्रमाणे फूल बटाट्यात खोचून कुंडीत पुरले होते. तुमच्या दारचे पांढऱ्या गुलाबाचे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्हीच बुधवारच्या पहिल्या गाडीने घेऊन यावे. गुडघ्याला मी लेप लावून देईन.

पुन्हा ता. क. फूल कालच गळून पडले. बटाट्याला मात्र जोमदार कोंब फुटला आहे. त्यालाही काठोकाठच द्यायचे का?