ओट्याजवळून अर्धी मॅच

गुरुवार, संध्याकाळ. कोलशेत.

आपल्या मुली जिंकल्या, फायनलला गेल्या. मग मला एवढा राग कशाचा आलाय?

चहा घेऊन हॉलमध्ये गेले आणि नेमकी त्याच बॉलला आपली कॅप्टन आउट झाली. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लगेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आतच थांबा बघू. तुम्ही आलात की विकेट पडते." सगळे हसले. आमचे हेसुद्धा. मीपण हसले आणि गुपचूप आत गेले. तेच खुपतंय.

ओट्याजवळून टीव्ही अर्धाच दिसतो. बॅटिंग करणारी दिसते, बॉलर दिसत नाही. शाळेत असताना मी स्वतः ऑफस्पिन टाकायचे, आणि आता मला बॉलरच दिसत नाही.

मी आत असताना अजून तीन विकेट पडल्या. त्या कुणाच्या नावावर? ते कुणी विचारलं नाही. वर जिंकल्यावर भाऊजी म्हणतात, "बघा, वहिनी आत होत्या म्हणून."

रविवारी फायनल. जेवण सकाळीच उरकायचं. टॉसच्या आधी टीव्हीसमोरची खुर्ची धरायची. विकेट पडली तरी उठायचं नाही. दुसरी पडली तरी नाही. आणि हरलो तर? हरलो तर हरलो, सगळ्यांमध्ये बसून हरेन. पण बॉलरसकट मॅच बघेन.

चहा हवा असेल तर भाऊजींनी उठावं. ते ओट्याजवळ गेले की चौकार लागतात का, तेही एकदा बघू.