बाबांची आवडती कविता

बरकतपुरा, हैदराबाद
१२ जुलै १९९६

ती. आईस,
त्रिवेणीचा नमस्कार.

बाबांचं तेरावं आटोपून निघाले ती सुखरूप पोचले. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते. काळजी करू नकोस.

काल कॉलेजात रुजू झाले. हल्ली मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला पळतात, इंग्रजी कवितेला पाच-सहाच बसतात. काल नेमकी बाबांची आवडती कविता शिकवायची होती. दाढी करताना ते मोठ्याने म्हणायचे, ती. तू ओरडायचीस, "अहो, गाल कापेल!"

मी सगळी कविता वाचली. आवाजसुद्धा थरथरला नाही. पुढच्या बाकावरची सबीहा डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, आप कित्ता अच्छा पढ़े! मेरेकू रोना आ गया."

मी तिला "बैठो" म्हटलं आणि कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायला घेतले. घरी येऊन भात लावला. कुणा दुसरीचंच सगळं चाललंय असं वाटत होतं.

विकासदादा अजून तिथेच आहे ना? त्याला इतक्यात जाऊ देऊ नकोस. बाबांची खोली एवढ्यात आवरू नका.

आई, तुला रडू येतं का गं? येत असेल तर आवरू नकोस. मला अजून आलेलं नाही.

तुझी,
त्रिवेणी