मलमाच्या बाटलीचं झाकण

शनिवार, ता. १४, दुपार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

बिस्किटांचा डबा पोचला. तुझ्या स्मरणशक्तीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. माझ्या तोंडात तीन दात उरलेत आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत, हे थोरल्यानं तुला कळवून पाच वर्षं झाली. तरी दर वर्षी येतात ती दगडासारखी बिस्किटंच. सोबत चिठ्ठी नाही. मला वाचता येत नाही म्हणून घालत नसशील. आता वाचणारी घरात आहे. हे पत्र थोरल्याची पोरगीच लिहितेय. अक्षर कोंबडीचं आहे, पण माझ्यापेक्षा बरं.

इकडे सगळं ठीक. गॅरेजचं छत बदललं. गुडघा आहे तिथेच आहे.

ही पोरगी तुझ्या वळणावर गेलीय. चढाच्या शर्यतीसाठी जुन्या गाडीचं इंजिन उघडून बसलीय. बाप म्हणतो, हवेची वाट जेवढी मोठी तेवढी ताकद जास्त. ती म्हणते, इंजिन स्वतःच हवा ओढतं, मागून ढकलणारं कोणी नाही. वाट फार रुंद केली की हवा रेंगाळते, पेट्रोल वाटेतच गळतं आणि कमी फेऱ्यांवर इंजिन खोकतं. हे मी एकोणीस वर्षांपूर्वी याच बाकावर तुझ्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मी म्हणाले होते, त्यात काय एवढं, फुंकणीचं तोंड बारीक असतं म्हणूनच निखारा फुलतो. तू हसून म्हणालीस, "आई, तुला इंजिन कळतं."

ते कळणं फार महागात पडलं.

परवा पोरीनं माझा पत्र्याचा डबा उपसला. त्यात एका जुन्या गॅस्केटचा नमुना निघाला आणि मलमाच्या बाटलीचं झाकण. आठवतं ना? इंजिनाचं हेड आणि त्यात हवा नेणारा मॅनिफोल्ड यांच्या मधली जाड कागदाची गॅस्केटं मीच कापायचे. मला आकडे कळत नाहीत म्हणून तू गणित करून नेमक्या मापाचं झाकण शोधून दिलंस, कड घासून. याच्याभोवती चार वेळा पेन्सिल फिरव म्हणालीस, बाबा त्या भोकांना जुळवून हवेची वाट घासतील. आणि दोन दिवसांसाठी लेथवाल्याकडे गेलीस. परत आलीस तेव्हा हेड बसवून झालं होतं.

पोरीनं ते झाकण नमुन्याच्या भोकावर ठेवलं. ते आरपार खाली पडलं. मी म्हटलं, कात्री घसरली असेल. ती म्हणाली, "आजी, चारही भोकांत? सारखीच?"

आत्ता तिनं पेन थांबवलंय. लिही गं. तुझ्या आत्याला वाचायचंय.

कात्री घसरली नव्हती. मी खोकल्याच्या औषधाचं मोठं झाकण घेतलं होतं. त्या वर्षी चढाच्या शर्यतीची गाडी आपल्याकडे आली होती, तिच्या मालकानं सांगितलं होतं ना, गाडी पहिली आली तर ही मुलगी माझ्या वर्कशॉपात, समुद्रापलीकडे. तुझे बाबा दिवसभर शीळ घालत होते. मला तुझी रिकामी खाट दिसत होती. वाटलं, यंदा नाही आली पहिली तर काय बिघडतं, एक वर्ष आणखी घरात राहील. फुंकणी रुंद केली की काय होतं हे मला ठाऊक होतं, धाकटे. न कळून झालं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सरळ रस्त्यावर गाडी काय पळाली! दुसऱ्या वळणानंतर चढावर खोकली आणि बंद पडली. मालक त्याच संध्याकाळी ती घेऊन गेला, तुला उघडून बघायलाही मिळालं नाही. बाबा चारचौघांत म्हणाले, "कागदावरच्या हवेनं गाडी चढत नाही." तू मापाचं कॅलिपर बाकावर ठेवलंस आणि निघालीस. आता कुठल्याशा कचेरीत शिक्के मारतेस.

तुला वाटतं, बाबांनी आपलंच खरं करून वाट मोठी घासली. नाही गं. गॅस्केटच्या रेषेबाहेर ते केसभर गेले नाहीत. म्हणाले, माझं राहू दे, पोरीनं मोजलंय. जन्मात एकदा कोणाचं ऐकलं आणि तोंडघशी पडले, म्हणून तो राग. चार वर्षांपूर्वी गेले, त्या शेवटच्या आठवड्यात मला विचारलं, "तिचं गणित कुठं चुकलं असेल?"

मी त्यांना पाणी पाजलं.

घासलेला धातू परत भरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून माफी मागत नाही. तुझं माप बरोबर होतं. पोरीनं पाचदा तपासलंय. तिची शर्यत पुढच्या महिन्यात आहे. गॅस्केट तीच कापणार, मला कात्रीला हात लावू देत नाही. शहाणी आहे.

आणि तुला विसराळू म्हटलं ते मागे घेते. त्या दिवशी मी शेजारी गप्प उभी होते, हे तू विसरलेली नाहीस. तुझं प्रत्येक बिस्किट मी चहात बुडवून खाल्लंय. एकही कुत्र्याला घातलं नाही.

तुझी,
झाकण बदललेली आई

ता. क. पुढच्या डब्याच्या तळाशी पोरीसाठी तुझं गणित घाल. बिस्किटं कडकच पाठव. मऊ द्यावीशी वाटली तर पोस्टानं नको, हातानं घेऊन ये.