सेन्सरला घातलेला हार

अण्णा, आज आमच्या ऑफिसातला सेंट्रल एसी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने पाण्याच्या पाइपातला जुना सेन्सर काढला, पिशवीतला नवा बसवला आणि चहा यायच्या आत निघूनही गेला. मी नुसती बघत बसले. एवढ्याशा वस्तूपायी आपल्या घरात अजून धुसफूस चालू आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे सांगू?

तुमच्या सिन्नरच्या कारखान्यात तो बोटाएवढा तांब्याचा होता. त्याला केसासारखी बारीक नळी, नळीत गॅस. पाणी गोठायला आलं की तो कूलिंगचं मशीन बंद करायचा. त्या वर्षी तो बिघडला आणि मशीन चालूच होईना, म्हणून तुम्ही त्याच्या तारा थेट जोडल्या. मग ते आपणहून थांबेना. पाणी गोठलं तर आतले पाइप फुटणार, म्हणून तुम्ही काचेचं थर्मामीटर घेऊन शेजारी उभे, वेळेवर हाताने बंद करायला. तुमच्या जागी उभा राहू शकणारा कामावरचा जोडीदार दसऱ्यासाठी गावी गेलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईचं पोटाचं ऑपरेशन. "नवा सेन्सर लागला की खुशाल सुटी घ्या," असं साहेब म्हणाले, आणि त्या भरवशावर तुम्ही आईला येतो म्हणालात.

सेन्सर आला तो नेमका खंडेनवमीला. म्हणजे आधी पूजा, मग काम. साहेबांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं आणि हार अडकवायला दुसरं काही दिसेना, म्हणून त्या बारीक नळीलाच अडकवला. चांगला जाडजूड झेंडूचा हार. नळी मुडपली, चिरली, गॅस गेला.

"साहेब, हा मेला," तुम्ही म्हणालात.

"सणासुदीला काय अभद्र बोलता! तारा जोडलेल्या आहेतच ना? वरून हा लावून ठेवा, दिसायला. आणि जा तुम्ही."

तुम्ही गेला नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी नाशिकच्या दवाखान्यात आई माझा हात धरून आहे. स्ट्रेचर येतं. ती म्हणते, "तुझ्या वडिलांना पाणी किती गार झालं ते बरोब्बर कळतं. माझे हात बघ."

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती बरी झाली; तोंड मात्र पुरतं कधी वळलं नाही. तुम्ही वारलात तेव्हा कारखान्यातले लोक भेटायला आले. "असा माणूस पुन्हा होणार नाही," म्हणाले. आई पुटपुटली, "नकोच व्हायला."

साहेबांच्या त्या पूजेवर मी पुढे बरंच लिहिलं, लोक हसले. तुमच्यावर एक ओळ लिहिली नाही. हे पत्रही पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुमची बाजू बरोबर होती आणि तुम्ही ती मला शांतपणे पटवून दिली असतीत. मला पटवून घ्यायचं नाही. तुमच्या जागी मी असते तर तो मेलेला सेन्सर दिसायला लावला असता आणि पहिली एसटी पकडली असती. फुटले असते पाइप तर फुटले असते. त्या सकाळी दाराकडे आई एकटीच बघत नव्हती.