हिरव्या दोऱ्याचा आंबा

प्रिय नीला,

उद्या पहाटे पहिली आंघोळ, आणि शिवांगीचा नॅपकिन आज दुपारी पुरा झाला. भाताच्या पेजेची खळ देऊन गच्चीत वाळत घातलाय, आणि मी काठी घेऊन राखणीला बसलोय. आपल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या माकडांना भरतकाम कळतं की नाही ठाऊक नाही, पण दोरीवरचं कापड नक्की कळतं! तो वाळेपर्यंत दुसरं काही सुचणार नाही, म्हणून तुला लिहायला घेतलं. हसू नकोस. शर्टाचं बटण लावता न येणाऱ्या तुझ्या नवऱ्याने अख्खा आंबा भरलाय.

तू गेलीस त्या वर्षीच्या दिवाळीला घरात कढई चढलीच नाही. मग यंदा वैशाखात आपल्या मिहिरचं शिवांगीशी लग्न झालं. सुनेची ही पहिली दिवाळी, आणि तुझा कायदा तर तुला माहीतच आहे. पहिल्या फराळाला टेबलावर घरच्या प्रत्येकाचा नॅपकिन, ज्याच्या त्याच्या चित्राचा. मिहिरचा पतंग, तुझी अबोली, माझी चहाची किटली. मी सिंह मागितला होता, तर म्हणालीस, "गुरगुरता तेवढं पुरे." पाहुण्यांना मात्र साधे पांढरे.

हा कायदा कुठून आला, तेही मला आठवतं. तू रत्नागिरीहून लग्न होऊन इथे आलीस, आणि पहिल्या दिवाळीला माझ्या आईने कौतुकाने तुला पाहुण्यांचा पाट मांडला, चांदीची वाटी दिली. तू स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. "मला पाहुणी का केलंत?" मला तेव्हा ते कळलंच नव्हतं. एवढं कौतुक करतायत आणि ही रडते काय!

म्हणून शिवांगीसमोर पांढरा नॅपकिन ठेवणं मला शक्यच नव्हतं. तुझी शिवणाची टोपली उघडली. वरच एक अर्धवट नॅपकिन होता. तू पेन्सिलीने काढलेला एक आंबा, त्याला एक पान. देठ तेवढा तपकिरी दोऱ्याने भरून झालेला, आणि काठाला हिरवा दोरा ओवलेल्या तीन सुया टोचलेल्या. त्या मीच ओवून दिलेल्या. तीस वर्षं माझ्याकडून सुया ओवून घेतल्यास, पण एक टाका शिकवला नाहीस. हे काय वागणं झालं?

शेवटी मोबाइलवर बघून शिकलो. त्यातली बाई इतकी भरभर शिवते की तिला सारखं थांबवावं लागतं. आंबा म्हणजे तुझा हापूस, यात मला शंकाच नव्हती. "तुमच्या बनारसला सगळं आहे, आंबा नाही," हे वाक्य मी किती उन्हाळे ऐकलंय! चौकात जाऊन चांगली केशरी लडी आणली. दुकानदार म्हणाला, "का बाबूजी, अब ई उमिर में कसीदा?" म्हटलं, बहू के लिए. त्यावर त्याने मला स्टूल दिलं.

वसुबारसेला मिहिर आणि शिवांगी आले, तेव्हा माझा अर्धा आंबा केशरी भरून झाला होता. मोठ्या ऐटीत तिला दाखवला. तिचा चेहरा उतरला गं.

"माँ का हापुस है ना?" ती म्हणाली. आणि मग हळूच, "उनको मैं कभी पसंद नहीं आई, पापा. मेरा आम भी नहीं."

लग्न ठरायच्या आधी ती पहिल्यांदा आपल्याकडे आली होती, ते आठवतं ना? टोपलीभर इथला लंगडा आंबा घेऊन आली होती, आणि तू तिला हापूसवर व्याख्यान दिलंस. ती बनारसचीच पोरगी, ती कशाला ऐकून घेते! म्हणाली, "आंटी, पहले खाइए, फिर बोलिए." तू एक फोड खाल्लीस आणि म्हणालीस, "बरा आहे." तेवढंच! तिने ते दोन शब्द आजवर मनात धरून ठेवले होते. मला पत्ता नाही.

ती नॅपकिन उलटसुलट करून बघत होती.

"ये हरा किसलिए है?"

"पत्ते के लिए."

"एक पत्ते के लिए तीन सुइयाँ?"

नीला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! तू अंथरुणावर होतीस, मी सुया ओवत होतो. तिसरी मागितलीस तेव्हा मी विचारलं होतं, "एका पानाला एवढा हिरवा?" तू म्हणालीस, "तुम्ही ओवा हो, प्रश्न विचारू नका." अगं, लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो, हे मला, जन्मभर इथे राहिलेल्याला, कळू नये! तू लंगडाच काढला होतास. तिचा आंबा, तिच्यासाठी.

मी तिला हे सांगितलं, तर ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मग हसायला लागली. मीही डोळे पुसले, तुला खोटं कशाला सांगू? पण जाता जाता तिला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

मग दोघांनी मिळून केशरी उसवायला घेतलं. देठापाशी थोडं राहिलं, ते काही केल्या निघेना. मी कात्री आणायला उठलो, तर म्हणाली, "रहने दीजिए, पापा. थोड़ा माँ का भी रहे." तसंच ठेवलंय. हिरवा आंबा तुझ्या त्या तीन सुयांनीच सुरू केला, आणि त्यातला दोरा संपल्यावर टोपलीतल्या हिरव्या लडीला हात लावला. टाके वाकडे आहेत, तू असतीस तर सगळे उसवायला लावले असतेस.

वाळला बघ. इस्त्री करून उद्या तो मिहिरच्या पतंगाशेजारी मांडीन.

आणि ऐक, तुला शब्द देतो. यापुढे या घरात जे कोणी येईल, त्याच्या नावाचा नॅपकिन ते यायच्या आत तयार असेल. टाके मी घालीन. माझी नजर आता अधू झालीये, त्यामुळे सुई शिवांगी ओवते. पण मी तिला सोबत टाकाही शिकवतोय, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतोय.

तुझा,
किटलीवाला